क्युपर्टिनो नगर आणि ॲपल संकुल : एका सार्वजनिक रस्त्याच्या संदर्भात नियोजन-परीक्षणाचा इतिहास (२००६-२०१७)

प्रस्तावना :

उद्योगसमूहांच्या मुख्यालयांचा इतिहास बहुधा वास्तुरचनेच्या अंगाने लिहिला जातो. कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे ॲपल कंपनीने उभारलेल्या वर्तुळाकार इमारतीविषयीही फॉस्टर ॲण्ड पार्टनर्स यांचा आराखडा, वक्र काचा आणि स्टीव्ह जॉब्ज यांचा सौंदर्याग्रह यांचीच चर्चा अधिक झाली. या जागेतून पूर्वी प्रूनरिज नावाचा सार्वजनिक रस्ता जात होता आणि तो बंद करण्याचा अधिकार कंपनीला नव्हे, नगराला होता, ही बाब मात्र दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात या रस्त्याच्या अनुषंगाने नगराने केलेल्या पायाभूत सुविधांच्या परीक्षणाचा विचार केला आहे.

जागेचा पूर्वेतिहास :

सान्ता क्लारा खोरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्दाळू व आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. रस्त्याच्या नावातील 'प्रून' ही त्याचीच खूण होय. क्युपर्टिनो हे नगर म्हणून १९५५ साली अस्तित्वात आले. पुढे बागा गेल्या आणि ह्यूलेट-पॅकार्डचे संकुल आले. एप्रिल २००६ मध्ये ॲपलने सुमारे ५० एकर आणि २०१० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डची सुमारे ९८ एकर जमीन घेतली. अंतिम प्रकल्पक्षेत्र सुमारे १७५ एकर झाले.

७ जून २०११ रोजी जॉब्ज यांनी नगरपरिषदेपुढे स्वतः हा प्रस्ताव मांडला. त्यांचे हे अखेरचे सार्वजनिक निवेदन ठरले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. त्या निवेदनात त्यांनी बिल ह्यूलेट यांनी तेराव्या वर्षी आपल्याला दिलेल्या उन्हाळी कामाची आठवण सांगितली आणि जर्दाळूची झाडे पुन्हा लावण्याची इच्छा व्यक्त केली. नगराला याच्या मोबदल्यात काय मिळेल, असा प्रश्न आला तेव्हा आपण नगराचे सर्वांत मोठे करदाते आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली. २०१० च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या सुमारे ५८,००० होती. प्रस्तावित संकुलात १४,२०० पर्यंत कर्मचारी येणार होते. परीक्षण करणारा आणि परीक्षणास पात्र असणारा यांच्यातील बळाचे प्रमाण यावरून लक्षात यावे.

परीक्षणाची प्रक्रिया :

१९७० च्या कॅलिफोर्निया पर्यावरण गुणवत्ता कायद्यानुसार अशा प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम अहवाल प्रसिद्ध करून त्यावर नागरिकांची मते मागवणे बंधनकारक आहे. आपल्याकडील 'हरकती व सूचना' या पद्धतीशी याचे वरवर साम्य दिसते. भेद असा की, भारतातील २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सर्वसाधारणपणे वगळले. तेथे मात्र प्रत्येक आक्षेपाला अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावे लागते. अर्थात, उत्तर देणे म्हणजे आक्षेप मान्य करणे नव्हे.

शिवाय २०११ च्या एका राज्य कायद्याने मोठी गुंतवणूक असलेल्या व हरितवायूंत निव्वळ भर न घालणाऱ्या प्रकल्पांविरुद्धचे दावे जलदगतीने निकाली काढण्याची सवलत दिली होती. २०१२ मध्ये ती या प्रकल्पास मिळाली. जून २०१३ मध्ये प्रारूप अहवाल आला. वाहतूक आणि हवेची गुणवत्ता यांवरील काही लक्षणीय परिणाम उपाय योजूनही टाळता येणार नाहीत, असे परीक्षणात नमूद झाले. १५ ऑक्टोबर २०१३ रोजी नगरपरिषदेने एकमताने मंजुरी दिली. अंतिम मतदान १९ नोव्हेंबर रोजी झाले. कायद्याने अशा वेळी एक वाट ठेवलेली आहे : प्रकल्पाचे लाभ या परिणामांपेक्षा अधिक आहेत, असे लेखी निवेदन नगरपरिषदेने स्वीकारावयाचे.

तरीही परीक्षण निष्फळ होते, असे म्हणता येत नाही. एकट्याने मोटारीतून न येता अन्य मार्गांनी येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण २८ वरून ३४ टक्क्यांवर नेण्याचे बंधन कंपनीवर आले आणि त्यावर देखरेखीची तरतूद झाली. संकुलात सुमारे ११,००० वाहनांची सोय होती, हे येथे विसरता येत नाही. बागेसाठी पुनर्प्रक्रिया केलेले पाणी वापरता यावे म्हणून सनीव्हेलकडून वुल्फ रस्त्याने जलवाहिनी आणण्याच्या कामात कंपनीने खर्चाचा वाटा उचलला. १९९७ पासून नगर विक्रीकराच्या आपल्या उत्पन्नापैकी ५० टक्के रक्कम कंपनीला परत करीत असे; २०१३ च्या करारात हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले. कराच्या मुद्द्यावर बोलणारी कंपनीच इतकी वर्षे कराचा परतावा घेत होती, ही बाब सभागृहातील भाषणापेक्षा करारपत्रांतून अधिक स्पष्ट होते.

रस्त्याचा प्रश्न :

प्रूनरिज मार्ग वुल्फ आणि टँटाऊ या दोन उत्तर-दक्षिण रस्त्यांना जोडत होता. तो बंद झाल्यास रहिवाशांना वळसा पडणार होता. पादचारी व सायकलस्वारांसाठी तरी वाट ठेवावी, हा पर्याय अहवालात तपासला गेला. सुरक्षिततेच्या कारणास्तव तो कंपनीला मान्य नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते, येथे परीक्षणाची मर्यादा दिसते. वर्तुळ आणि त्याभोवतीचे बंदिस्त उद्यान रस्ता नाही असे गृहीत धरूनच रेखाटले होते. त्यामुळे रस्ता ठेवण्याचा कोणताही पर्याय मूळ आराखड्यालाच छेद देणारा ठरला आणि नगरापुढे प्रत्यक्षात एकच आराखडा उरला. याउलट १९१६ सालचे ग्लेनडेनिंग कुटुंबाचे लाकडी कोठार उतरवून संकुलातच पुन्हा उभारण्यात आले, कारण त्याने रचनेला कोठेही बाधा येत नव्हती.

एप्रिल २०१७ पासून कर्मचारी नव्या इमारतीत येऊ लागले. वुल्फ रस्त्याजवळील गृहसंकुलापाशी प्रूनरिजचा एक लहानसा तुकडा उरला आहे. सान्ता क्लारा नगरातून पूर्वेकडून येणारा मुख्य मार्ग टँटाऊ रस्त्यापाशी संपतो.