ॲल्युमिनियम मिश्रधातू : प्रक्रिया व गुणधर्म

ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे बल, कठिनता, तन्यता, विद्युत् संवाहकता इ. गुणधर्म केवळ तिच्या रासायनिक संघटनावर अवलंबून नसतात. ओतकाम, लाटन, तार ओढणे, तापविणे, थंड करणे या क्रिया कोणत्या क्रमाने व कोणत्या तापमानास केल्या यांवर ते तितकेच अवलंबून असतात. एकाच घाणातील दोन तुकडे निरनिराळ्या प्रक्रियांतून गेले, तर एक हाताने वाकेल व दुसरा वाकणार नाही. पोलादाच्या बाबतीत ही गोष्ट लोहारास पूर्वीपासून ठाऊक होती. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला ‘पाणी देणे’ हा तिचाच प्रयोग होय. ॲल्युमिनियमाविषयीचे हे ज्ञान मात्र विसाव्या शतकातील आहे. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात त्याचे सर्वांच्या नजरेसमोर असलेले उदाहरण म्हणजे शिवारातून खांबांवरून गेलेल्या विजेच्या तारा. प्रस्तुत नोंदीत या तारांच्या अनुषंगाने विषयाचा विचार केला आहे.

विद्युत् विच्छेदनाने ॲल्युमिनियम मिळविण्याची पद्धत १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली आणि ही धातू स्वस्त झाली. भारतात तिची भांडी घडविण्यास ॲल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये मद्रास येथे सुरुवात झाली. खेड्यापाड्यांत आजही या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. असे पातेले तयार करताना लाटून कठीण झालेला पत्रा प्रथम तापवून मऊ करतात आणि मग साच्यात दाबतात. या दाबण्यात पत्रा पुन्हा काहीसा कठीण होतो. थंड स्थितीत आकार देताना स्फटिकांतील दोष वाढत जातात, ते एकमेकांच्या हालचालीस अडथळा करतात व धातूचे बल वाढते. यास कार्य-कठिनीकरण म्हणतात. शुद्ध ॲल्युमिनियमाला बळकटी आणण्याचा हाच मुख्य मार्ग आहे.

दुसरा मार्ग आल्फ्रेट व्हिल्म या जर्मन धातुवैज्ञानिकास १९०६ मध्ये बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबर्ग येथे जवळजवळ अनपेक्षितपणे सापडला. पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमही पाणी देऊन कठीण करता येईल काय, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. सु. ४ टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम असलेली मिश्रधातू त्याने सु. ५००° से. वर तापवून एकदम थंड केली. ती अपेक्षेप्रमाणे कठीण झाली नाही. परंतु काही दिवस तशीच पडून राहिलेल्या तुकड्याची पुन्हा चाचणी घेतली असता त्याची कठिनता बरीच वाढल्याचे आढळले. लोहाराच्या पाण्याने पोलाद तत्काळ कठीण होते. येथे पाण्याने धातू प्रथम मऊ राहिली आणि काळाने कठीण झाली. या क्रियेस वयःकठिनीकरण असे नाव मिळाले. ड्यूरेन येथील कारखान्याने ही मिश्रधातू ‘ड्यूरॅल्युमिन’ या नावाने बाजारात आणली व पुढे विमानांच्या बांधणीत तिला मोठे स्थान मिळाले. या क्रियेचा नकळत झालेला उपयोग मात्र त्याआधीचा आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील एंजिनाचे ओतीव कवच ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूचे होते. त्यात वयःकठिनीकरण झाले असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

व्हिल्म यास या घटनेचे कारण सांगता आले नव्हते. ते १९१९ मध्ये अमेरिकेत मेरिका व त्यांचे सहकारी यांनी सुचविले. उच्च तापमानास ॲल्युमिनियमात अधिक तांबे विरघळते. एकदम थंड केल्यास त्याला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही व ते अतिसंपृक्त स्थितीत अडकून पडते. पुढे ते हळूहळू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होऊ लागते आणि हे कण स्फटिकांतील घसरण रोखतात. या क्रियेच्या पहिल्या अवस्थेतील अणूंचे पुंजके फ्रान्समध्ये गीन्ये व इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले. कण फार वाढले, तर ते विरळ होतात व बल पुन्हा घटते. म्हणून तापमान व काळ यांचा मेळ चुकला, तर उत्तम संघटनाची मिश्रधातूही वाया जाते.

विजेच्या तारेत प्रश्न अधिक अवघड होतो. कारण तेथे बळकटी व संवाहकता दोन्ही हव्या असतात. मिश्रणाने बळकटी वाढते, परंतु विरघळलेले परके अणू विद्युत् प्रवाहास रोध करतात. प्रमाणित तांब्याच्या तुलनेत शुद्ध ॲल्युमिनियमाची संवाहकता सु. ६१ टक्के आहे. तितकाच प्रवाह नेण्यास तार जाड घ्यावी लागते, तरी तिचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. मऊ स्थितीत ॲल्युमिनियमाचे ताणबल दर चौ. मिमी. स सु. ७ किग्रॅ. असते, तार थंड ओढली की ते १६–१७ किग्रॅ. पर्यंत जाते व संवाहकता फारशी कमी होत नाही. एवढ्यानेही लांब गाळ्यांचे काम भागत नव्हते. अमेरिकेत विल्यम हूप्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मध्यभागी जस्तलेपित पोलादी तार व भोवती ॲल्युमिनियमाच्या तारांचा पीळ अशी रचना पुढे आणली. ताण मुख्यतः पोलादाने सोसावा व वीज ॲल्युमिनियमाने न्यावी, अशी ही वाटणी आहे.

भारतात तांब्याचे उत्पादन गरजेच्या मानाने अल्प असल्याने स्वातंत्र्योत्तर काळात वीजवाहिन्यांसाठी ॲल्युमिनियमाचाच अवलंब करण्यात आला. १९७० च्या ॲल्युमिनियम नियंत्रण आदेशान्वये उत्पादकांना निम्मी धातू विद्युत् प्रतीची काढावी लागे. हे नियंत्रण १९८९ मध्ये उठले. हैदराबाद संस्थानातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेल्या परभणी जिल्ह्याचे विद्युतीकरण मुख्यतः याच काळातले आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी येथे धरण व २२.५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र झाले, शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी येथे औष्णिक केंद्र आले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्युत् मंडळाने आणि १९६९ नंतर ग्रामीण विद्युतीकरण निगमाच्या अर्थसाहाय्याने गावोगावी वाहिन्या पोहोचविल्या. विहिरीवरील मोट जाऊन पंप आला, तो या तारांच्या आधाराने. वाहक तारांना प्राण्यांची इंग्रजी नावे देण्याची ब्रिटिश प्रथा येथेही रूढ झाली. ‘वीझल’मध्ये २.५९ मिमी. व्यासाच्या सहा ॲल्युमिनियम तारा व तेवढ्याच व्यासाची एक पोलादी तार असते. १३२ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरील ‘पँथर’मध्ये ३ मिमी. च्या तीस ॲल्युमिनियम व सात पोलादी तारा असतात.

अशा तारेची घडण वितळलेल्या धातूपासूनच सुरू होते. टिटॅनियम, व्हॅनेडियम यांचे अल्प अंशही विरघळलेल्या स्थितीत संवाहकता खाली आणतात. रसात थोडे बोरॉन घातल्यास त्यांची बोराइडे बनून बाहेर पडतात. अशुद्धी पूर्णपणे न काढता तिचे रूप बदलून तिला निरुपद्रवी करण्याची ही युक्ती आहे. इटलीतील इलारिओ प्रोपेर्झी यांच्या पद्धतीत फिरत्या चाकावरील खाचेत रस अखंड ओततात आणि घट्ट झालेली कांब गरम असतानाच लाटून सु. ९.५ मिमी. व्यासाची सळई करतात. तुकड्यातुकड्यांनी लाटलेल्या सळयांना येणारे सांधे त्यामुळे टळले. ही सळई एकामागून एक लहान होत जाणाऱ्या साच्यांतून ओढून वीझलची तार काढताना तिच्या छेदाचे क्षेत्रफळ नऊ-दशांशाहून अधिक घटते आणि बळकटी याच ओढण्यातून येते.

पोलादाचा गाभा टाळून केवळ मिश्रधातूचीच तार करण्याचा प्रयत्न यूरोपात १९२०–३० या दशकात यशस्वी झाला. ‘आल्ड्रे’ या स्विस मिश्रधातूत मॅग्नेशियम व सिलिकॉन प्रत्येकी एक टक्क्याहून कमी असतात. सळई ५००° से. हून अधिक तापवून पाण्यात बुडवितात, मग थंड स्थितीत ओढतात आणि अखेरीस सु. १५०°–१७०° से. ला काही तास ठेवतात. पाण्यात बुडविल्याने दोन्ही मूलद्रव्ये विरघळलेली राहतात व संवाहकता घटते; ओढण्याने बल वाढते; शेवटच्या तापविण्यात मॅग्नेशियम सिलिसाइडाचे सूक्ष्म कण वेगळे होतात. त्यामुळे धातूचा मूळ स्फटिक परक्या अणूंपासून मोकळा होऊन संवाहकता सुधारते आणि त्याच कणांमुळे बळकटीही टिकते. एरवी परस्परविरोधी असणारे दोन गुण एकाच पायरीत वाढावेत, हे धातुविज्ञानात क्वचितच घडते. ताणबल दर चौ. मिमी. स ३० किग्रॅ. हून अधिक व संवाहकता सु. ५३ टक्के मिळते. क्रम उलटा केला, तर यांपैकी काहीच साधत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत पोलादी गाभा गंजण्याचे भय असल्याने तेथे ही तार विशेष सोयीची. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो प्रश्न तितका तीव्र नाही.

कारखान्यात कमावलेले गुण वाहिनीवर गमावताही येतात. ओढून कठीण केलेले ॲल्युमिनियम दीर्घकाळ १००° से. च्या आसपास वा त्याहून अधिक तापले, तर ते मऊ होऊ लागते. म्हणूनच भारतात पोलादी गाभ्याच्या तारांसाठी पूर्वी ७५° से. ही कमाल मर्यादा धरीत. रब्बी हंगामात पंप एकदम चालू झाले की वाहिनीवर भार वाढतो, पण खरा धोका सांध्याशी असतो. ॲल्युमिनियमावर हवेत तत्काळ ऑक्साइडाचा पातळ, वीजरोधक थर बसतो. तो न खरवडता तारा नुसत्या पिळून जोडल्या, तर सांध्याचा रोध वाढतो. त्यामुळे सांधा तापतो, तापल्याने मऊ होऊन सैल पडतो व सैल पडल्याने आणखी तापतो. दिसावयास तार जशीच्या तशी असते, परंतु तिचे बल मऊ धातूच्या पातळीवर उतरलेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या वादळात ती तुटते आणि प्रवाह चालू असलेले टोक शेतात पडते. माणसे व जनावरे दगावण्याच्या अशा घटना केवळ वाऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही. सांध्यातील धातू त्याआधीच बदललेली असते. दाबून बसविलेल्या नळीचा सांधा व खरवडून लावलेले प्रतिबंधक वंगण हे त्यावरचे जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. तांब्याच्या तारेशी जोड देताना द्विधातू पकड वापरावी लागते. नाही तर दमट हवेत ॲल्युमिनियम झिजत जाते.

उतरविलेली जुनी तार भंगारात जाते. वितळविताच ओढण्याने व तापविण्याने आलेले सर्व गुण नाहीसे होतात आणि फक्त संघटन उरते. त्यातच गाभ्याचे लोखंड किंवा इतर मिश्रधातू मिसळल्या, तर विद्युत् प्रतीची धातू पुन्हा मिळविणे कठीण होते. असे भंगार बहुधा ओतीव वस्तूंच्या कामी येते. तेथे सिलिकॉन चालते, किंबहुना साचा नीट भरण्यास ते उपयोगीच पडते.