घरगुती चित्रफितींचे संपादन व डीव्हीडी-लेखन

घरगुती चित्रफितींचे संपादन म्हणजे लग्न, बारसे, डोहाळजेवण, सहल अशा कौटुंबिक प्रसंगांच्या चित्रीकरणातील अनावश्यक भाग वगळून उरलेली दृश्ये सुसंगत क्रमाने जोडण्याची प्रक्रिया होय. तयार झालेली फीत दूरचित्रवाणी संचावर पाहता यावी म्हणून ती तबकडीवर उतरविली जाते. या क्रियेस बोलीभाषेत ‘सीडी राइट करणे’ किंवा ‘बर्न करणे’ म्हणतात.

पार्श्वभूमी

बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी यांमुळे कोल्हापूरला चित्रपटनिर्मितीची जुनी परंपरा आहे. त्या काळी फिल्म प्रत्यक्ष कापून व चिकटवून संपादन होत असे. जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएस कॅसेटमुळे चित्रीकरण सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचले. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावांतही लग्नाची कॅसेट हा घरातील ठेवा ठरला. संगणक सुलभ झाल्यावर हे संपादन घरी करणे शक्य झाले.

प्रक्रिया

व्हीएचएस कॅसेट संगणकात घेण्यासाठी कॅप्चर कार्ड लागते. एका तासाची कॅसेट उतरविण्यास एक तासच लागतो. मिनीडीव्ही कॅसेटमधील एका तासाचे चित्रीकरण संगणकात सुमारे १३ जीबी जागा व्यापते. त्यानंतर दृश्यांची काटछाट करणे, त्यांचा क्रम लावणे, शीर्षके व संगीत जोडणे ही कामे होतात.

भारतात पाल पद्धत प्रचलित असल्यामुळे डीव्हीडीसाठी सेकंदाला २५ चौकटी व ७२०×५७६ हा आकार निवडतात. चित्रफीत एमपेग-२ स्वरूपात रूपांतरित करून सूचीसह तबकडीवर लिहिली जाते. ४.७ जीबीच्या तबकडीवर सुमारे दोन तासांचे चित्रीकरण चांगल्या दर्जाने मावते. त्याहून अधिक भरल्यास चित्र धूसर होते. लेखनात लेझर किरण तबकडीतील रंगद्रव्याचा थर तापवून त्यावर खुणा उमटवितो. मध्येच वीज गेल्यास एकदाच लिहिता येणारी तबकडी सहसा वाया जाते. म्हणून भारनियमनाच्या काळात यूपीएस उपयुक्त ठरत असे. लेखनानंतर तबकडी ‘फायनलाइज’ न केल्यास ती इतर प्लेअरवर बहुधा चालत नाही.

जतन

चुंबकीय फीत कालांतराने क्षीण होते. शिवाय २०१६ साली फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविल्यापासून कॅसेट चालविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ व २०२१ साली महापूर अनुभवले. पुरात भिजलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये व उन्हातही वाळवू नये. ती स्वच्छ थंड पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून जाणकाराकडे द्यावी.

लिहिता येणाऱ्या तबकड्याही उष्णता, ओलावा व ओरखड्यांमुळे निकामी होतात. एमपेग-२ रूपांतरात काही तपशील कायमचा नष्ट होतो. त्यामुळे तबकडी ही पाहण्याची प्रत मानून, संगणकात उतरविलेली मूळ फाइल किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळणे इष्ट होय.