पूर्वरंग आणि उत्तररंग : मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा रूपबंध

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची दखल आपल्या वाङ्मयेतिहासात साधारणपणे दोन ठिकाणी घेतली जाते. एक, अर्वाचीन गद्याच्या जडणघडणीत मिशनऱ्यांनी केलेल्या कार्याचा आढावा घेताना. आणि दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 'फुलामुलांचे कवी' म्हणून गौरव करताना. पहिल्या ठिकाणी श्रद्धा ही भाषिक कार्यामागची प्रेरणा म्हणून नोंदवली जाते आणि बाजूला ठेवली जाते. दुसऱ्या ठिकाणी तिचा उल्लेखही थोडासा संकोचून केला जातो. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ही श्रद्धा मराठीत अवतरली ती कोणत्या रूपात? आणि ते रूप स्वीकारताना श्रद्धेचे काय झाले, रूपाचे काय झाले?

रूप हे आशयाचे पात्र आहे, पात्र बदलले तरी आशय तोच राहतो, असे गृहीत धरले तर हा प्रश्न उद्भवतच नाही. मग ओवी, अभंग, पुराण, कीर्तन ही केवळ धर्मप्रसाराची साधने ठरतात. ख्रिस्ती वाङ्मयाचे समर्थक आणि टीकाकार या एका मुद्द्यावर बहुधा एकमत असतात. समर्थक त्यास 'आत्मीयकरण' म्हणतात, टीकाकार 'सोंग' म्हणतात. रूप मात्र दोघांच्याही लेखी निष्क्रिय असते. प्रस्तुत निबंधात या समान गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे, आणि त्यासाठी कीर्तन हा प्रकार मध्यवर्ती धरला आहे. तत्त्वविचार, भक्तिचिंतन आणि नाट्य ही तिन्ही अंगे ज्यात एकाच बैठकीत एकत्र येतात असा दुसरा प्रकार मराठी परंपरेत क्वचितच सापडेल.

२

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. १५४९ साली जन्मलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला आणि पुढची चाळीस वर्षे प्रामुख्याने साष्टी प्रांतात राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नागरी खिळ्यांच्या अभावी ते रोमन लिपीत छापावे लागले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे 'पैलें पुराण' छत्तीस अवस्वरूंचे आणि 'दुसरें पुराण' एकोणसाठ अवस्वरूंचे आहे. त्याच्या भाषासौंदर्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याच्या कथनव्यवस्थेकडे लक्ष वेधावयाचे आहे.

हे पुराण सुरू होते ते एका मागणीतून. साष्टीतील चर्चमध्ये धर्मशिकवणीचा पाठ चाललेला असताना श्रोत्यांतील एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विनंती करतो. जुनी पुराणे आमच्यापासून गेली, त्यांच्या जागी आम्हांस ऐकावयास काहीतरी हवे, असा तिचा आशय आहे. ग्रंथ सांगितला जातो तो या विनंतीस उत्तर म्हणून. पुढेही श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतो. वक्ता-श्रोता संवादाची ही चौकट पुराणपरंपरेतली आहे, हे उघड आहे. परंतु तिच्या पोटी एक इतिहासही दडला आहे. ज्यांची पुराणे गेली ती आपखुशीने गेली नव्हती. साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि १५८३ साली कुंकळ्ळीत रक्तपात झाला होता. अशा भूमीत 'आम्हांस पुराण हवे' ही मागणी जेव्हा ग्रंथाच्या तोंडावरच मांडली जाते, तेव्हा ग्रंथकाराने, जाणता अजाणता, एक गोष्ट मान्य केलेली असते : प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातील धर्मशिकवण श्रद्धेला पुरत नाही. श्रद्धेला कथा लागते, आणि कथेला सभा लागते.

जी सत्ता पुराण नष्ट करते तिच्याच छत्राखाली पुराण पुन्हा लिहिले जाते, या विसंगतीकडे डोळेझाक करून 'क्रिस्तपुराणा'चे केवळ गुणगान करणे जितके एकांगी, तितकेच या विसंगतीपोटी ग्रंथाचे वाङ्मयत्व नाकारणेही एकांगी आहे. विनंती करणारा तो श्रोता कल्पित असेल. त्याची भूक कल्पित नाही.

३

दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकाचा आणि वादविवादाचा. कोल्हापुरात बसून त्याचा विचार करताना दोन सनावळ्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. १८४३ साली येथून जवळच सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. आख्यान, सूत्रधाराचे गायन आणि सोंगे यांच्या आधारे मराठी नाटक उभे राहिले. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि येथील मिशनकार्यास प्रारंभ झाला. एकीकडे आख्यान ऐकावयास आणि पाहावयास जमलेली सभा, दुसरीकडे बाजारात उभे राहून केलेला उपदेश आणि वाटलेल्या पुस्तिका. दोहोंमध्ये अंतर होते आणि ते केवळ धर्माचे नव्हते. ते ऐकण्याच्या सवयीचेही होते.

सुशिक्षितांसाठी मात्र दुसरा मार्ग खुला होता. तो शास्त्रार्थाचा. नीलकंठशास्त्री गोरे यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १८२५ साली जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी पुढे सरसावले. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षे'ला उत्तर म्हणून त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. पुढे १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० साली हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून षड्दर्शनांचे खंडन केले. वेदान्त्यांच्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा त्रिविध सत्तेवर त्यांचा विशेष रोख आहे. व्यावहारिक सत्ता खरी की खोटी, याचे एकच उत्तर द्या, असा त्यांचा आग्रह दिसतो.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, पक्ष बदलला तरी पद्धत बदलली नाही. पूर्वपक्ष मांडावा, त्यातील विसंगती दाखवावी, सिद्धान्ताकडे यावे, ही शास्त्रीय वादपद्धती गोऱ्यांच्या दोन्ही ग्रंथांत आहे. ज्या शिस्तीने ते हिंदू होते त्याच शिस्तीने ते ख्रिस्ती झाले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु दर्शनाच्या या मार्गाला एक स्वाभाविक मर्यादा होती. खंडनाने प्रतिपक्षी निरुत्तर होतो. तो सद्गदित होत नाही. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' आणि १८८८ मध्ये 'अरुणोदय' लिहून कथा व आत्मचरित्र यांचा आश्रय घेतला, त्यामागे हीच जाणीव असावी. तरीही पुस्तक हे एकट्याने वाचावयाचे असते. सभा अजून सापडावयाची होती.

४

ती सापडली अहमदनगरकडे, आजच्या अहिल्यानगर परिसरात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली आणि पुढे टिळकांनी तिला काव्याची प्रतिष्ठा दिली. नारदीय कीर्तनाची घडण आपल्या परिचयाची आहे. नमनानंतर पूर्वरंग : मूळपद घेऊन त्यावर निरूपण, आक्षेप, समाधान, दृष्टान्त. मग नामस्मरण. त्यानंतर उत्तररंग : पूर्वरंगातील सिद्धान्त ज्यात प्रत्यक्ष दिसतो ते आख्यान. शेवटी आरती. पूर्वरंग हे दर्शन, मधला नामगजर आणि अभंग ही भक्ती, उत्तररंग हे नाट्य. कीर्तनकार एकटाच राजा होतो, भक्त होतो, दुष्ट होतो आणि क्षणार्धात पुन्हा निरूपणकार होतो. वेषांतर नाही, पडदा नाही. आवाज आणि अंगविक्षेप एवढीच सामग्री.

या घडणीत ख्रिस्ताचे आख्यान आले तेव्हा काय घडले? वरवर पाहता नायक बदलला. बारकाईने पाहता आख्यानाचा कणाच बदलला. प्रल्हादाला कड्यावरून लोटतात, अग्नीत टाकतात. श्रोता हळहळतो, परंतु त्याला ठाऊक असते की देव त्याला झेलणार आहे. करुणरस तेथे आश्वासनाच्या कुशीत असतो. ख्रिस्ताच्या आख्यानात देव झेलावयास येत नाही. जो मरतो तोच देव आहे, आणि तो मरतो. पुनरुत्थान होते ते मृत्यूनंतर, मृत्यू टाळून नव्हे. ज्या श्रोत्याचे कान सुटकेच्या क्षणाची वाट पाहण्यास सरावलेले आहेत, त्याला येथे वाट पाहत मृत्यूपर्यंत जावे लागते. जुन्या रूपाने निर्माण केलेली अपेक्षाच नव्या आशयाला धार देते. हा परिणाम बाजारातील उपदेशाला साधणे कठीण, कारण त्याच्याजवळ भंग करावयास अपेक्षाच नव्हती.

दुसरा बदल काळाच्या कल्पनेचा. पौराणिक आख्यान 'एकदा' घडते आणि पुनःपुन्हा घडू शकते; अवतार अनेक आहेत. ख्रिस्ती श्रद्धेचा मतांगीकार मात्र पंतय पिलात या एका रोमन अधिकाऱ्याचे नाव घेऊन घटनेला इतिहासात खिळवून ठेवतो. कीर्तनाच्या उत्तररंगात हे नाव उच्चारले जाते तेव्हा पुराणकथेच्या पटात सनावळीचा एक कठीण धागा येतो.

रूपानेही आपला वाटा वसूल केलाच. टिळकांच्या भक्तिरचनेत ख्रिस्त माऊली होतो, गुरू होतो. पाश्चात्त्य प्रोटेस्टंट प्रार्थनेत न्यायाधीश, राजा आणि तारणारा या प्रतिमा प्रबळ असतात. अभंगाच्या छंदात शिरताच विठाईची आणि ज्ञानेश्वर माऊलीची सारी स्मृती त्या नावाभोवती गोळा झाली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळक म्हणत. पूल ओलांडल्यावर तो मागे राहतो. टिळकांनी तो बरोबर नेला. १९०९ नंतरच्या त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे नावच त्याची साक्ष देते. त्यांच्या हयातीत त्याचे मोजकेच अध्याय झाले. पुढचा बहुतांश ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचला आणि तो त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

५

येथे एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. हे कीर्तन कोणासाठी होते? हरिदासी कीर्तन ही प्राधान्याने ब्राह्मणी संस्काराची कला. नगर जिल्ह्यातील खेडोपाडीच्या ख्रिस्ती मंडळ्या मात्र बहुतांशी महार-मांग समाजातील होत्या. ज्या सभामंडपात कीर्तन होई त्याच्या बाहेर ज्यांना उभे राहावे लागे, त्यांच्यापुढे आता तेच कीर्तन होऊ लागले. याचे दोन अर्थ संभवतात. एक, उच्चवर्णीय रूप त्यांच्यावर लादले गेले. दुसरा, जे ऐकण्याचा हक्क नाकारला होता ते त्यांनी मांडी घालून, आत बसून ऐकले. मला दोन्ही अर्थ खरे वाटतात, आणि समीक्षेने त्यांपैकी एकाची सोयीस्कर निवड करू नये असे वाटते. जातीचे संस्कार बाप्तिस्म्याने एका दिवसात गळून पडत नाहीत, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःविषयी जितक्या मोकळेपणाने सांगितले आहे तितके क्वचितच कोणी सांगितले असेल.

टिळकांना या प्रश्नाची जाणीव होती, असे त्यांच्या अखेरच्या निर्णयावरून दिसते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली आणि तीत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान दिले. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाल्याने ती कल्पना फुलली नाही. परंतु तिचे मूळ कोठे आहे? चर्चच्या सभासदत्वाला नोंदवही असते. कीर्तनाच्या सभेला नसते. तेथे जो येऊन बसतो तो श्रोता. 'दरबार' हा मला कीर्तनसभेचाच विस्तार वाटतो. रूपाने श्रद्धेला घडवले याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

६

तीन शतकांच्या या प्रवासात पुराण, दर्शन आणि कीर्तन अशी तीन रूपे दिसली. पुराणाने कथेची भूक ओळखली, दर्शनाने बुद्धीला आव्हान दिले, कीर्तनाने दोहोंना एका सभेत आणून बसवले. त्यापैकी एकही रूप निष्क्रिय पात्र राहिले नाही. म्हणून या वाङ्मयाला 'प्रचारी' म्हणून वगळणे ही केवळ एका समाजावरील उपेक्षा नाही. ती आपल्याच रूपविचारातील उणीव आहे. ओवी आणि अभंग यांच्या शक्तीविषयी आपण बोलतो तेव्हा ती शक्ती आपल्या ओळखीच्या देवापुरतीच मोजतो. परक्या आख्यानाचा भार पेलताना ही रूपे कोठे वाकली, कोठे ताठ राहिली, हे पाहिल्याखेरीज त्यांचे मोजमाप पुरे होणार नाही.

टिळकांची पदे चर्चमधील 'उपासना संगीता'तून आजही गायिली जातात. गाणाऱ्यांना त्यांच्या इतिहासाचे भान असेलच असे नाही. तशी आवश्यकताही नाही. ते भान ठेवण्याचे काम समीक्षेचे आहे, आणि ते पुष्कळसे व्हावयाचे आहे.