छत्राची जमीन आणि विद्येचा वाटा

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या वाटेवर, जी इलेक्ट्रॉनिक सिटी उभी आहे ती १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केऑनिक्स या सरकारी महामंडळाने सुमारे ३३२ एकरांवर वसविली. ज्या गावांच्या जमिनीवर ही वस्ती झाली त्यांपैकी एकाचे नाव कोनप्पन अग्रहार. २०२५ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या एका स्थानकासही आता हे नाव मिळाले आहे. अग्रहार म्हणजे विद्वान ब्राह्मणांच्या योगक्षेमासाठी आणि पठन-पाठनासाठी तोडून दिलेली जमीन. संगणकांच्या या वस्तीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेले आम्ही मराठी लोक हा शब्द रोज उच्चारतो. पण जमिनीच्या उत्पन्नावर विद्या पोसण्याची एक जुनी व्यवस्था त्यात दडलेली आहे, याचे स्मरण सहसा कोणास होत नाही.

त्या व्यवस्थेचे इंग्रजी अमलात काय झाले, हे पाहावयाचे तर याच वाटेने आणखी दक्षिणेस, तंजावरास गेले पाहिजे. तेथे जाणे आम्हां मराठ्यांस परकेही नाही. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच कावेरीकाठी गेले आणि १६७६ च्या सुमारास त्यांनी तेथे राज्य स्थापिले. ते पुढे पावणेदोनशे वर्षे टिकले.

तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या मार्गावर छत्रे बांधली. छत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धर्मशाळा आणि अन्नसत्र एवढेच येते. वस्तुतः ती याहून पुष्कळ मोठी संस्था होती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. त्यानंतर थोड्याच काळाने, जानेवारी १८०१ मध्ये, त्यांनी रेसिडेंट टोरिन यांस एक पत्र लिहिले. छत्रांच्या जमिनींस धक्का लागू नये, ही त्यातील विनंती. छत्रांत काय चालते हे राजांनी त्यात तपशीलवार सांगितले आहे. वाटसरूस जातिधर्म न पाहता अन्न मिळे. आजाऱ्यासाठी वैद्य असत, विषबाधेवर उपचार जाणणारे असत. वेद शिकविणारे होते आणि एक पंतोजीही होता. परक्या मुलखातील कोणी वाटेत वारला तर त्याची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली होत. त्यांस जेवण, कपडे आणि अक्षरओळख मिळे. वाटसरूचे जेवण, रोग्याचे औषध आणि पोरक्या मुलाची पाटी एकाच शेताच्या पिकावर चालत, आणि त्यांचा हिशेब एकच होता.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हाच हात ख्रिस्ती शाळेसही आखडता नव्हता. सरफोजींचे दत्तक पिता तुळजाराजे यांनी मृत्यूपूर्वी, १७८७ मध्ये, तंजावरच्या मिशनच्या शाळेसाठी व अनाथांसाठी वार्षिक सुमारे ५०० होन उत्पन्नाचे गाव लावून दिले. त्या मिशनचे प्रमुख श्वार्त्स हे सरफोजींचे गुरू व पालक. १७९८ मध्ये ते वारले, तेव्हा राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून चर्चमध्ये बसविले. १८०२ मध्ये ओरत्तनाड येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. त्याच मुलखात कन्नंदंगुडी येथे राजांनी गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची सोय केली. ज्यांनी वेदशाळेस जमीन लावली त्यांनीच बायबल शिकणाऱ्या पोरांसही घास दिला. यास कोणी राजनीती म्हणेल, कोणी गुरुभक्ती म्हणेल. आमच्या मते त्या दरबारात या दोन दानांत मुळी विरोधच दिसत नव्हता.

तो विरोध दप्तराने निर्माण केला. मद्रास सरकारने १८१७ चा सातवा रेग्युलेशन काढला. मशिदी, देवळे, विद्यालये यांच्या जमिनींचे उत्पन्न योग्य कामी लागते की नाही हे पाहणे, आणि पूल व छत्रे यांची दुरुस्ती, ही कामे त्याने रेव्हेन्यू बोर्डाकडे आणि त्याच्या हाताखालील कलेक्टरांकडे दिली. कायद्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. देवस्थानांची लूट करणारे पंच आपल्याकडेही थोडे नव्हते. परंतु पुढे मिशनऱ्यांनी विलायतेत ओरड केली की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेचे कारभारी झाले आहे. १८३३ मध्ये डायरेक्टरांनी हात काढून घेण्याचा हुकूम पाठविला आणि १८६३ च्या विसाव्या कायद्याने सरकार धार्मिक संस्थांतून बाजूस झाले. धर्मेतर दाने मात्र सरकारकडेच राहिली. याच काळात इंग्रज चॅप्लेनांचे पगार हिंदुस्थानच्या वसुलातूनच जात होते. त्या खर्चाविषयी एवढी ओरड ऐकू येत नाही.

आता छत्र हे धार्मिक की धर्मेतर? अन्नदान पुण्यासाठी, पण भात मात्र खरा. वेदपाठशाळा धर्माची, पंतोजी व्यवहाराचा. कारकुनी पेशातील माणसास या प्रश्नाची गंमत चांगलीच कळते. ज्या कागदास दोन सदरे लागतात, तो कोणत्याच सदरात नीट बसत नाही. छत्रे धर्मेतर दानांत मोडली गेली.

मध्यंतरी, १८२२ मध्ये, गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी देशी शाळांची चौकशी करविली. मद्रास इलाख्यात ११,५७५ शाळा आणि १,०९४ उच्च विद्यालये नोंदली गेली. विद्यालयांपैकी १०९ एकट्या तंजावर जिल्ह्यात होती. आकड्यांइतकेच बोलके होते ते बेल्लारीचे कलेक्टर कॅम्बेल यांचे १८२३ चे उत्तर. पूर्वी राज्याकडून विद्येस मोठे साहाय्य मिळे, आता जिल्ह्यातील ५३३ शाळांपैकी एकीसही सरकारी आधार नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. आधार जमिनीचा होता. तो ढळला आणि शाळा पालकांच्या मूठभर धान्यावर आली.

पुण्यासही असेच घडले, पण निराळ्या रीतीने. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून कंपनीने ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेचा वाटा मराठी ग्रंथांसही मिळावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात केवढा गहजब झाला! दाता गेला, दान उरले, आणि त्याच्या अर्थाविषयी भांडण उभे राहिले.

तंजावरास हेच भांडण ७५ वर्षांनी झाले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले आणि राजपद खालसा झाले. छत्रे सरकारच्या देखरेखीत, व १८७१ च्या लोकल फंड कायद्यानंतर स्थानिक मंडळांच्या हाती आली. १८६१ च्या सुमारास आगगाडी तंजावरास पोचली होती. पायी चालणारे यात्रेकरू ओसरू लागले. पंगती लहान झाल्या, शेते मात्र पूर्वीइतकीच पिकत होती. शिल्लक साठू लागली. या शिलकेचे काय करावे? मंडळाने १८८१ मध्ये तिरुवैयारू येथे छत्राच्या उत्पन्नातून संस्कृत पाठशाळा काढली. १९२४ मध्ये ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा मंडळाचे अध्यक्ष झाले. ते धर्माने ख्रिस्ती व जस्टिस पक्षाचे पुढारी. राजाचे दान विद्येसाठी आहे, एका भाषेसाठी नव्हे, ही त्यांची भूमिका. त्यांनी त्याच संस्थेत तमिळचे वर्ग सुरू केले. संस्कृतज्ञांस हा दानाचा भंग वाटला. पोरक्या मुलांस पंतोजीच्या हवाली करणाऱ्या सरफोजींचे पत्र वाचल्यावर आम्हांस तसे वाटत नाही.

छत्रांचे जुने हिशेब मोडीत आहेत, भाषा मराठी. तिरुवैयारूच्या विद्यालयात आज ती भाषा शिकविली जात नाही. पण गावचे लोक त्यास अजून अरसर कल्लूरी, म्हणजे राजाचे विद्यालय, असेच म्हणतात.