फवाऱ्यातलं लोणी

जास्वंदीच्या पेरात पांढरा कापूस दिसला की शेजारपाजारचा सल्ला ठरलेला: साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घाला, फेस येईपर्यंत हलवा आणि फवारा. पिढीभरापूर्वी याच सल्ल्यात कडुनिंबाच्या जागी रॉकेल असायचं. सांगणारा वर पुस्ती जोडतो, ‘हे आपलं जुनं घरगुती औषध.’ घरगुती खरं, जुनंही म्हणू या. पण ‘आपलं’ म्हणायला मी तयार नाही. माझ्या मते या बाटलीचं जन्मगाव फ्लोरिडातली संत्र्याची बाग आहे, आणि तिथल्या सुरुवातीच्या घाण्यांत साबणाच्या जागी चक्क आंबलेलं दूध होतं.

आधी तो कापूस नीट पाहू. तो म्हणजे पिठ्या ढेकूण. शेतकरी सरळ मिलीबग म्हणतो. काडीने टोचलं की पिठाखाली तीनेक मिलिमीटरचं मऊ, लिबलिबीत अंग लागतं. मादी पेरात सोंड खुपसून रस ओढत बसते आणि मागून चिकट गोड पाणी सोडते. त्या पाण्यासाठी मुंग्या येतात, पानांवर काजळीसारखी काळी बुरशी चढते. म्हणून फांदीवर मुंग्यांची रांग लागली की आधी पान उलटून पाहावं. लिंबाच्या किंवा पेरूच्या काडीला चिकटलेली, नखाने खरवडली तर टवका उडणारी खवले कीड ही हिचीच चुलत बहीण. दोघींच्या अंगावर मेण असतं. पाणी त्यावरून घरंगळतं. आणि पानावर विष मारून ठेवावं तर या पान कुरतडतच नाहीत, आतला रस पितात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बटाट्याच्या भुंग्यावर चाललेलं पॅरिस ग्रीन, म्हणजे मुळात रंगाच्या डब्यातलं आर्सेनिक, इथे म्हणूनच फुकट गेलं.

मेणातून तेल शिरतं आणि किडीच्या श्वासाची छिद्रं बुजवतं. पण नुसतं रॉकेल मारलं तर पानंही करपतात. ते पातळ करायचं तर पाण्यात मिसळायला हवं, आणि तेल-पाण्याचं कधी जमलंय?

ते जमवलं हेन्री हबर्डने. अमेरिकी कृषी खात्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांच्या हाताखाली हा माणूस फ्लोरिडात क्रेसेंट सिटीला संत्र्यावरच्या खवले किडीमागे लागला होता. त्याने दोन भाग रॉकेलात एक भाग आंबट दूध घालून पंपाने इतकं घुसळलं, की भांड्यात लोण्यासारखा घट्ट गोळा जमला. दुधातली प्रथिनं तेलाचे बारीक थेंब अलगद धरून ठेवतात, एकमेकांत मिसळू देत नाहीत. ताक करताना आपण लोणी पाण्यातून सोडवतो. हबर्डने तीच घुसळण उलटी चालवून तेल पाण्यात कोंडलं! पण दूध नासतं आणि बागेत दर वेळी हाताशी नसतं. मग साबण आला: दोन गॅलन रॉकेल, एक गॅलन पाणी, अर्धा पौंड साबण. साबणाचं पाणी उकळतं असतानाच रॉकेलात ओतायचं, पाच-दहा मिनिटं घुसळायचं आणि फवारताना नऊपट पाणी घालायचं. 1885 साली हबर्डचं संत्र्यावरच्या किडींचं पुस्तक छापून आलं आणि ही कृती रायली-हबर्ड या जोडनावाने चालू लागली.

इथे भांडण आहे. मिशिगनच्या शेतकी कॉलेजातले प्राध्यापक ए. जे. कुक यांचा दावा होता, की साबण-रॉकेल आपण 1870च्या दशकातच वापरलं. रायलींना ते मुळीच मान्य नव्हतं, आणि दोघांची चांगलीच जुंपली. माझा कौल असा: साबणाचा मान हवा तर कुकना द्या, पण सरकारी छापखान्यातून जगभर गेली ती हबर्डची कृती.

घरचा दावेदार याहून तगडा. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांच्या किडींवर उपाय आहेतच; वावडिंग, मोहरी, हिंग, वेखंड यांची धुरी त्यात सापडते. शिवाय आपल्याकडे रिठा होता, आणि रिठ्याच्या पाण्यातही तेल फुटतं. मग तेल-रिठ्याचं पाणी कुणी आधीच शिंपडलं नसेल कशावरून? शिंपडलंही असेल. पण केरसुणीने शिंपडलेलं पानाच्या पाठीला पोचत नाही, आणि कीड बसते पाठीलाच. तिथे बारीक तुषार लागतात. तसे उडवणारा सायक्लोन नॉझल रायलींच्याच पथकातल्या बर्नार्डने कापसावरच्या अळीसाठी घडवला होता. मिश्रण आणि नॉझल एकाच घरातून निघाले, हा योगायोग मला पटत नाही.

भारतात ही कृती रुजवली कुणी? माझं बोट हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉयकडे जातं. हा इंग्रज आधी वेस्ट इंडीजमध्ये होता आणि तिथल्या खवले किडींवर त्याने लिहिलं होतं. 1903 साली तो भारतात आला, पुढे बिहारमध्ये पुशाच्या संस्थेत सरकारी कीटकतज्ज्ञ म्हणून बसला. 1906च्या त्याच्या ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ या पुस्तकात रॉकेलचं इमल्शन आहे. तिथून शेतकी खात्याची पत्रकं, पत्रकातून मास्तर, मास्तरांकडून परसबाग; हा शेवटचा टप्पा माझा तर्क, पण पैजेवर सांगतो. रॉकेलचा डबा आणि साबणाची वडी घरोघरी होतीच. पुढे हाच लेफ्रॉय लंडनला वेस्टमिन्स्टर हॉलच्या तुळया पोखरणाऱ्या भुंग्यांमागे लागला, त्यातून रेंटोकिल कंपनी निघाली आणि 1925 साली प्रयोगशाळेतल्या विषारी वायूने त्याचा जीव घेतला. आज मुंबईच्या सोसायट्यांत झुरळं मारायला येणाऱ्या रेंटोकिल पीसीआयच्या नावात तीच रेंटोकिल आहे.

राहिला कडुनिंब. 1962 साली दिल्लीत प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर मारलं, तर टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही. ती रीत खास आपली, आणि तिला साबणाची गरज पडली नाही. निंबोळीचं तेल मात्र साबणाशिवाय पाण्यात जात नाही. म्हणून मी म्हणतो, तेल आपलं, घुसळण हबर्डची. रॉकेल उठलं आणि त्याच पाटावर निंबोळी तेल बसलं. मिलीबगसाठी आजही फिश ऑइल रोझिन सोपची शिफारस होते, तोही याच कुळातला. कॅलिफोर्नियात 1880च्या दशकात अल्बर्ट कोबेले राळ आणि माशाचं तेल शिजवून खवले किडीवर मारत होता. याच कोबेलेला रायलींनी 1888 साली ऑस्ट्रेलियाला धाडलं आणि त्याने लिंबाच्या बागा वाचवणारा लाल ढालकिडा शोधून पाठवला. पण ती कुळकथा वेगळी.

फवारताना एक पथ्य पाळा. मिश्रण आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा, आणि मग संध्याकाळी, पानांच्या पाठीवरून मारा. मादीच्या कापसाच्या पिशवीतली अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारावं लागतं. आणि खोडाला चिकटपट्टी गुंडाळून मुंग्या वर चढू देऊ नका. ढालकिडे आले तर त्यांना हुसकून लावायचं काम त्याच करतात.