लॅडब्रोक मोहीम (१९४३) : ग्लायडर, वारा आणि निर्णयाची जबाबदारी

प्रस्तावना

ग्लायडर हे इंजिनविरहित विमान होय. लष्करी ग्लायडर दुसऱ्या विमानाला दोराने जोडून नेले जात असे. दोर सुटल्यानंतर ते फक्त खाली येऊ शकत असे. पुन्हा वर चढून दुसऱ्यांदा उतरण्याचा प्रयत्न त्याला शक्य नव्हता. त्यामुळे धावपट्टी नसलेल्या अनोळखी शेतात उतरताना वाऱ्याचा अंदाज चुकला तर ती चूक सुधारता येत नसे. दुसऱ्या महायुद्धातील सिसिलीवरील स्वारीत ब्रिटिश सैन्याला याचा अत्यंत कटू अनुभव आला. या दुर्घटनेचे कारण वारा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात हे कारण कितपत पुरेसे आहे, याचा विचार केला आहे.

मोहिमेची आखणी

९ जुलै १९४३ रोजी सायंकाळी ब्रिटिशांच्या पहिल्या एअरलँडिंग ब्रिगेडने १४४ ग्लायडरांतून ट्युनिशियाहून प्रस्थान केले. सिराक्यूजच्या दक्षिणेकडील पोन्ते ग्रांदे हा पूल ताब्यात घेणे हे तिचे उद्दिष्ट होते. बहुतेक ग्लायडर अमेरिकन बनावटीचे वाको होते आणि ब्रिटिश चालकांना त्यांवर सरासरी पाच तासांचाही सराव मिळालेला नव्हता. उतरायचे होते ते रात्री, दगडी बांध असलेल्या शेतांत. ग्लायडर चालकांचे प्रमुख जॉर्ज चॅटरटन यांनी या योजनेस आक्षेप घेतला. तेव्हा मेजर जनरल हॉपकिन्सन यांनी त्यांना पदावरून दूर करण्याची तंबी दिली. अखेर चॅटरटन यांनी योजना मान्य केली.

वारा आणि अंतर

त्या रात्री वाऱ्याचा वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत गेला. सिसिलीजवळ तो काहीसा मंदावला, परंतु जमिनीकडून समुद्राकडे वाहत राहिला. ग्लायडरचा वेग ताशी ११० किलोमीटर आणि समोरचा वारा ताशी ५० किलोमीटर असल्यास जमिनीच्या संदर्भात तो ताशी अवघे ६० किलोमीटरच पुढे सरकतो. मात्र उंची पूर्वीच्याच गतीने कमी होत राहते. दोर सोडण्याची जागा मुळातच किनाऱ्यापासून सुमारे पावणेतीन किलोमीटर अलीकडे, समुद्रावर ठरलेली होती. धुळीमुळे किनारा नीट दिसत नव्हता. ओढणाऱ्या विमानांना चिलखती संरक्षण नव्हते व त्यांच्या अनेक चालकांना रात्रीच्या युद्धाचा अनुभव नव्हता. तोफांचा मारा सुरू होताच अनेक विमाने लवकर वळली.

परिणाम

सुमारे ६५ ग्लायडर समुद्रात कोसळले आणि अंदाजे २५० सैनिक बुडाले. चॅटरटन व हॉपकिन्सन यांचे ग्लायडरही पाण्यातच पडले. ते दोघे बचावले. जमिनीवर उतरलेले ग्लायडर दूरवर विखुरले गेले. पुलापर्यंत केवळ ८७ जण पोहोचू शकले. त्यांनी स्फोटके काढून टाकली व शरण जाण्यापूर्वी ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ पूल राखला. स्फोटके नसल्याने शत्रूला तो उडवता आला नाही आणि ब्रिटिश पायदळाने तो पुन्हा जिंकला.

निष्कर्ष

वारा हे दुर्घटनेचे निमित्त होते. तथापि त्या वाऱ्यासाठी योजनेत कोणतीही सवड ठेवलेली नव्हती, हे मूळ कारण होय. ग्लायडर कोठवर न्यायचे हे ज्याच्या हाती होते, त्याला स्वतः तेथे उतरायचे नव्हते. आणि ज्यांना उतरायचे होते, त्यांचा आक्षेप अव्हेरला गेला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतील काँ कालव्यावरील पुलासाठी ओढणाऱ्या व उतरणाऱ्या चालकांनी आधी एकत्र कसून सराव केला आणि दोर पुरेशा उंचीवर, किनाऱ्यावर पोहोचल्यानंतरच सोडण्यात आला. तेथे तीन ग्लायडर पुलालगत उतरले. सिसिलीत या दोन्ही गोष्टींचा अभाव होता व त्याची किंमत सैनिकांना प्राणांनी मोजावी लागली, असे या तुलनेतून स्पष्ट होते.