पन्ह्याचा पेला आणि उंबरठा

कामं आटोपली का? नसतील आटोपली तरी चालेल, हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज मी तुमच्याशी चैत्राबद्दल बोलणार आहे. पाडवा झाला, कडुनिंबाचा मोहोर गुळाबरोबर चावून झाला. बाहेर बघा, पिंपळाला तांबूस कोवळी पालवी आलीय. कडुनिंबाखाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलाय. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा हंगाम संपत आलाय, उन्हाळ कांद्याची काढणी सुरू आहे. अंग मोडून येतं, खरंय. पण संध्याकाळी वाऱ्याची झुळूक आली, कुणाच्या तरी दारातल्या मोगऱ्याचा वास आला, की क्षणभर बसावंसं वाटतंच. आपले जुने लोक चैत्र-वैशाखाला वसंत म्हणायचे, आणि या वसंतात बायकांनी घटकाभर बसावं म्हणून त्यांनी एक निमित्तही ठेवलं होतं. आज त्या निमित्ताचा इतिहास सांगते.

हे निमित्त म्हणजे चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवायची आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिची पाठवणी करायची. महिनाभर ती माहेरपणाला आलेली असते. तिला झोपाळ्यात बसवतात. अंगणात चैत्रांगण काढतात, त्यात सूर्य-चंद्र, शंख, कमळ, कासव, तुळस, पाळणा, सगळं येतं. मग सोयीचा एक दिवस धरून शेजारणी-पाजारणींना हळदीकुंकवाला बोलवायचं. नाशिक शहरातल्या जुन्या वाड्यांतून ही रीत जास्त. आपल्या कसमादे भागात, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे, हीच गौर गौराई होते आणि आखाजीला तिचा सण असतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. नाव वेगळं, रीत वेगळी, पण मनातली गोष्ट एकच. बाईला वर्षातून एकदा कुणीतरी म्हणावं, ये, बस, झोका घे.

आणि या सणाचा खर्च किती? बघा हं. हरभरा नुकताच घरात आलेला असतो. तो भिजवायचा आणि मूठभर ओटीत घालायचा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, त्यात कैरी किसून घालायची, मिरची, मीठ, चवीला साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. झाली आंब्याची डाळ. कैरी उकडून गर काढायचा, त्यात गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि माठातलं पाणी घातलं की झालं पन्हं. शेतात पिकलेलं, झाडाला लागलेलं, घरात असलेलं. सोनं नको, नवं लुगडं नको. म्हणून मला हा सण फार शहाणा वाटतो.

पण मैत्रिणींनो, इतका स्वस्त आनंदसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांपुढे आणा. बाईनं देवाला किंवा नदीवर जावं, लग्नकार्याला जावं, नाहीतर हळदीकुंकवाला. बाकी घराबाहेर पडायला कारणच नव्हतं. चार बायका एकत्र बसून मोकळेपणी बोलतील अशी जागा म्हणजे हळदीकुंकू. आपल्या बचत गटाच्या बैठकीची ही आजीच म्हणा ना! म्हणूनच ज्यांना बायकांनी शिकावं असं वाटत होतं, त्यांनी या निमित्ताचा उपयोग करून घेतला.

सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात 1852 च्या संक्रांतीला तिळगुळाचा कार्यक्रम केला. बोलावणं सगळ्या जातींच्या बायकांना होतं, आणि सगळ्यांनी एकाच जाजमावर बसायचं होतं. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी कुणाच्या शेजारी कोण बसतं यावर गावंच्या गावं भांडत होती. एक साधं जाजम अंथरणं हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट असते, ते यावरून कळतं.

आता आपल्या नाशिकला येऊ. 1878 च्या सुमारास माधवराव रानडे, ज्यांना आपण न्यायमूर्ती रानडे म्हणतो, त्यांची नाशिकला बदली झाली. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी रमाबाई आल्या. वय असेल सोळा. त्या सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावच्या. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवराव बिजवर होते, वयानं वीस वर्षांनी मोठे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं विधवेशी लग्न न करता लहान मुलीशी केलं, म्हणून लोकांनी त्यांना तेव्हाही बोल लावला. पण त्यांनी या मुलीला शिकवलं. घरातल्या बायकांचा विरोध होता, टोमणे होते, तरी रमाबाई शिकल्या. नाशिकमध्येच एका समारंभात त्या पहिल्यांदा चारचौघांत उभं राहून बोलल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं, पण आवाज त्यांचा होता. पहिल्यांदा गटाच्या बैठकीत उभं राहून आपलं नाव सांगताना तुमचे पाय कसे लटपटले होते, आठवा. मग त्या सोळा वर्षांच्या मुलीचं काय झालं असेल ते कळेल.

पुढे 16 जानेवारी 1901 ला माधवराव गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आतच होत्या. आणि त्या दिवसापासून हळदीकुंकवाचं ताट त्यांच्यासाठी बंद झालं. ज्या निमित्तानं बायका घराबाहेर पडत होत्या, तेच निमित्त विधवेला घरात कोंडत होतं. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. पण कायदा कागदावर असतो, तो कुणाची ओटी भरत नाही. कुणाचं केशवपन व्हायचं, कुणाला आलवण नेसून मागच्या खोलीत बसावं लागायचं. गौरीचा झोपाळा ओसरीवर हलायचा आणि ती आतून बघायची.

रमाबाई मागच्या खोलीत बसून राहिल्या नाहीत. 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, ते त्यांनी वाढवलं. तिथे विधवा आणि टाकून दिलेल्या बायका शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. 1910 साली रमाबाईंनी आपल्या आयुष्यातल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. लग्नात अक्षरही न येणाऱ्या बाईचं हे पुस्तक आजही लोक वाचतात. 1962 साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

उंबरठा फक्त विधवेपुढेच होता असं नाही. आपल्याच नाशिकमध्ये, पंचवटीत, काळाराम मंदिर आहे. चैत्रात रामनवमी, मग एकादशीला रथ, सारं शहर लोटतं. पण दलितांना मंदिराचं दार बंद होतं. 2 मार्च 1930 ला, फाल्गुन लागलेला असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला. त्या सत्याग्रहात बायकाही दाराशी बसल्या होत्या. चैत्रात रथाच्या दिवशी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली, आणि लढा पुढे पाच वर्षं चालला. चैत्राची पालवी सगळ्यांच्या झाडाला सारखीच येते. दार लावतो तो माणूस.

आता घरची गोष्ट सांगते. माझी आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली. आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू व्हायचं तेव्हा हरभरे तीच भिजवायची. डाळ तीच वाटायची, पाट्यावर, आणि कैरी किसताना मला एक फोड हळूच द्यायची. तिच्या हातासारखी डाळ गावात कुणाची होत नसे. बायका यायला लागल्या की ती पदर सावरून मागच्या दारी जायची. मी लहान होते. एकदा आईला विचारलं, "आत्यानं डाळ केली, मग तिला का नाही बोलवायचं?" आई काहीच बोलली नाही. सगळ्या गेल्यावर तिनं पन्ह्याचा पेला नेऊन आत्याच्या हातात दिला. आत्या म्हणाली, "गूळ बरोबर पडलाय ना गं?" बस, एवढंच. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, आईनं आत्याला पन्हं दिलं. आता वाटतं, दिलं, पण मागच्या दारी दिलं. आईला दोष देत नाही. तिच्या हातात तेवढंच होतं. आपल्या हातात जास्त आहे.

जास्त आहे हे मी उगाच म्हणत नाही. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानंही बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा, असं आवाहन केलं. ठराव एका छोट्या गावाचा, पण त्यानं सगळ्या राज्याला बोलायला लावलं. ग्रामसभेत आपणही जातो की नाही? मग हा विषय मांडायला कुणाची वाट बघायची?

पण ठरावाआधीही एक काम करता येतं. या चैत्रात तुमच्या गटाची एक बैठक संध्याकाळी ठेवा. जाजम अंथरा. प्रत्येकीनं एक कैरी आणि मूठभर हरभरे आणावेत. आणि बोलावणं करताना यादीत कुणाचं नाव राहिलं ते बघा. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, लग्न न झालेली, दुसऱ्या वस्तीवरची. त्यांच्या घरी जाऊन सांगा, "ये, बस, पन्हं घे."

एक सांभाळा. एखादीला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर आग्रह करू नका. इतकी वर्षं मनाई सोसल्यावर ती एकदम मोकळी होत नाही. तिला आधी विचारा. मोगऱ्याचं फूल द्या, ते कुणालाही चालतं. आणि तिला कोपऱ्यात बसवू नका, मधे बसवा. काम सांगून आत पाठवू नका. डाळ दुसरी कुणी वाढेल.

माझी आत्या आता नाही. पण आमच्या गटाच्या चैत्रात पहिला पेला कुणाच्या हातात द्यायचा हे आम्ही ठरवून टाकलंय. जी सगळ्यात जास्त वर्षं मागच्या दारी उभी राहिली असेल, तिच्या हातात. मागच्या वर्षी एका आजींनी तो घेतला, एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी झालाय."

आम्ही हसलो, आणि गूळ वाढवला.

चला, पन्ह्यात गूळ नीट घाला, आणि बोलावणं विसरू नका. नमस्कार.